खेळ तयार झाला. लोकांपर्यंत पोहोचणार कसा?



१९१२ साली दादासाहेब फाळके लंडनहून चित्रपटाचा कॅमेरा घेऊन मुंबईस परतले, तेव्हा त्यांच्यापाशी कथा होती, यंत्र होते, जिद्द तर होतीच. नव्हता तो पैसा. हलणारी चित्रे म्हणजे नेमके काय, हे सावकाराला शब्दांनी पटवून देणे शक्य नव्हते. मग फाळक्यांनी कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला आणि तो रुजून वर येईपर्यंत थोडे थोडे चित्रण करीत राहिले. ‘अंकुराची वाढ’ नावाची ती चिमुकली चित्रफीत पाहून भांडवल देणारा माणूस मिळाला. सरस्वतीबाईंचे दागिने तरीही गेलेच. पुढे २१ एप्रिल १९१३ रोजी निवडक निमंत्रितांसाठी ‘राजा हरिश्चंद्र’चा खास खेळ झाला आणि ३ मे रोजी तो कॉरोनेशन चित्रपटगृहात सर्वांसाठी खुला झाला. दोन आण्यांत तासन्‌तास चालणारे नाटक पाहायची सवय असलेल्या प्रेक्षकाला हा आखूड खेळ महाग वाटेल, हे ओळखून फाळक्यांनी जाहिरातीत सत्तावन्न हजार छायाचित्रे आणि दोन मैल लांबीचे चित्र अवघ्या तीन आण्यांत पाहण्याचे आमंत्रण दिले. गिऱ्हाईक ज्या मापाने मोजते त्याच मापात माल मांडला!

शंभरावर वर्षांपूर्वीची ही हकिकत येथे सांगण्याचे कारण असे की, आज व्हिडिओ गेम तयार करणाऱ्या लहान, स्वतंत्र निर्मात्यापुढे तंतोतंत हाच पेच उभा आहे. ‘स्वतंत्र’ म्हणजे ज्याच्या पाठीशी मोठी कंपनी नाही असा. दोन-चार किंवा फार तर दहा-पंधरा माणसे, भाड्याची खोली, काही संगणक आणि तीन-चार वर्षांचे अथक काम. चित्रकार, संगणकतज्ज्ञ, संगीतकार, कथालेखक यांचा मेळ बसून खेळ एकदाचा तयार होतो, आणि मग लक्षात येते की तो तयार झाला आहे हे कोणालाच ठाऊक नाही. दुर्दैवाने हा शोध अनेकांना खेळ विक्रीस आल्यानंतरच्या दुसऱ्या दिवशी लागतो. तोवर हातातले बहुतेक पत्ते खेळून झालेले असतात.

यासंबंधी परदेशातील दाखल्यांची वाण नाही. पण एक ठसठशीत दाखला पुण्यातच आहे. अविचल सिंग, श्रुती घोष आणि इयान मॉड यांनी उभारलेल्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या छोट्या संस्थेने ‘राजी : अ‍ॅन एन्शन्ट एपिक’ हा खेळ रचला. राजी ही एक मुलगी. असुरांनी तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, पळवून नेले आहे. दुर्गेने दिलेला त्रिशूळ आणि विष्णूने दिलेले धनुष्य घेऊन ती त्याच्या शोधात निघते. कथा सांगतात तेही दुर्गा आणि विष्णूच, आपापसांत बोलत. राजस्थानी वाड्यांचे सज्जे व कमानी, भिंतींवरील पौराणिक चित्रे, कळसूत्री सावल्यांच्या खेळासारखे मधले प्रवेश, मंडलाच्या आकृतीची कोडी, अशी सारी मांडणी या मातीतली आहे. संगीत मात्र लिनोस त्सेलोस या ग्रीक संगीतकाराचे. त्यात भारतीय आणि भूमध्यसागरी वाद्यमेळ एकत्र नांदतो.

या संस्थेने २०१७ साली किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या माध्यमातून पैसा उभारण्याचा प्रयत्न केला. आपल्याकडे ग्रंथप्रकाशक प्रकाशनपूर्व सवलत जाहीर करतात आणि वाचक आधी पैसे भरून ठेवतात, तसाच हा प्रकार; फरक एवढाच की ठरलेली रक्कम ठरलेल्या मुदतीत जमली नाही, तर निर्मात्याच्या हाती एक छदामही येत नाही. ‘राजी’च्या बाबतीत तेच घडले. पुढे राहती सदनिका विकून काम चालू ठेवावे लागल्याचे संस्थापकांनी मुलाखतींतून सांगितले आहे. एका खेळासाठी डोक्यावरचे छप्पर विकणे शहाणपणाचे की वेडेपणाचे, याचा निर्णय ज्याने त्याने करावा. पण प्रसिद्धीचा विचार करताना पणाला काय लागलेले असते, हे ध्यानात राहिलेले बरे.

लोकवर्गणी फसली, परंतु ती मोहीम पूर्णपणे वाया गेली असे म्हणता येणार नाही. त्या निमित्ताने खेळाची झलक आणि थोडासा खेळून पाहण्याजोगा नमुना, म्हणजे डेमो, लोकांपुढे आला. परकीय समीक्षकांना आणि खेळाडूंना ‘त्रिशूळ घेतलेली ती मुलगी’ दिसली आणि लक्षात राहिली. प्रसिद्धीच्या शास्त्रात याहून मोठी कमाई नाही. शेकडो खेळांच्या चित्रांतून नजर फिरत असताना एखादेच चित्र नजरेला अडवते, आणि त्या चित्रात खेळाचा आत्मा असावा लागतो. पुष्कळ निर्माते आपल्या खेळातील शस्त्रांची संख्या, पातळ्यांची संख्या, नकाशाचे क्षेत्रफळ सांगत बसतात. कोणाला भावाला शोधायला निघालेली बहीण दाखवता आली, तर संख्यांची गरज उरत नाही.

पुढे ‘सुपर डॉट कॉम’ ही प्रकाशन संस्था पाठीशी उभी राहिली. आणि १८ ऑगस्ट २०२० रोजी, करोनाच्या साथीने माणसे घरात कोंडली गेली असताना, निन्टेन्डो या जपानी कंपनीने स्वतंत्र खेळांसाठी चालविलेल्या ‘इंडी वर्ल्ड’ या चित्रवाणी सादरीकरणात ‘राजी’ दाखविण्यात आला आणि त्याच दिवशी स्विच या यंत्रावर विक्रीस आला. खेळ पाहिला, आवडला, लगेच विकत घेतला. मधला काळ शून्य! विसरायला सवडच दिली नाही. अन्य यंत्रांसाठी व संगणकासाठी तो १५ ऑक्टोबर २०२० रोजी आला. म्हणजे एका खेळाची दोन प्रकाशने झाली आणि वर्तमानपत्रांना दोनदा लिहिण्यास निमित्त मिळाले. त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्‌स’मध्ये सर्वोत्कृष्ट पदार्पणाच्या नामांकनात पुण्याच्या या खेळाचे नाव आले. पारितोषिक ‘फॅस्मोफोबिया’ला मिळाले ही गोष्ट खरी, पण जगभरच्या नावाजलेल्या खेळांच्या पंगतीला बसल्यावर पुढच्या पानाची ओळख वेगळी करून द्यावी लागत नाही.

अर्थात मोठ्या कंपनीचे सादरीकरण प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही. बहुसंख्य स्वतंत्र निर्मात्यांचे दुकान म्हणजे ‘स्टीम’ हे संगणकीय खेळांचे विक्रीस्थळ. या दुकानाची रीत नीट समजून घेतल्याशिवाय प्रसिद्धीची गोष्ट करणे व्यर्थ आहे. २०१७ पासून शंभर डॉलर भरले की कोणीही आपला खेळ तेथे मांडू शकतो. दार एवढे मोकळे झाल्याने गर्दीही तशीच झाली. २०२४ या एका वर्षात तेथे अठरा हजारांहून अधिक नवे खेळ आले. दिवसाला सरासरी पन्नास! विक्रीतून साधारणतः तीस टक्के वाटा दुकान ठेवते. त्या मोबदल्यात दुकानदार प्रत्येकाची जाहिरात करील अशी कोणाची समजूत असेल, तर ती काढून टाकावी. ज्याच्याकडे गिऱ्हाईक आपण होऊन वळते, त्याच्याच मालावर हे दुकान दिवा लावते.

गिऱ्हाईक वळते आहे की नाही हे कळण्याचे एक साधन म्हणजे ‘विशलिस्ट’, अर्थात इच्छायादी. खेळ अजून आलेला नाही, पण आल्यावर घ्यावा असे वाटले, तर ग्राहक त्याचे नाव आपल्या यादीत टाकून ठेवतो. खेळ विक्रीस येताच त्याला दुकानाकडून पत्र जाते. पुढे मोठी सवलत लागली की पुन्हा जाते. निर्मात्याला एक दमडीही खर्च न करता मिळणारी ही डाक आहे. म्हणून खेळाचे पान दुकानात लवकर उघडणे हे प्रसिद्धीचे पहिले काम. नियमाप्रमाणे विक्रीपूर्वी किमान दोन आठवडे पान लावावेच लागते. पण किमान मुदतीवर विसंबणारा निर्माता म्हणजे लग्नाच्या आदल्या रात्री पत्रिका वाटायला निघालेला वरपिता. दोन आठवडे हा नियम झाला. शहाणा माणूस वर्षभर आधी पान उघडतो, आणि त्यानंतर जेथे जेथे खेळाचा उल्लेख होईल तेथून लोकांना त्या एकाच पानाकडे वळवतो.

दुसरे साधन म्हणजे डेमो. येथे पुणे जिल्ह्यातीलच नारायणगावची आठवण होते. गावोगावच्या यात्रांचा हंगाम जवळ आला की तमाशाचे फडमालक तेथे राहुट्या ठोकतात. यात्रा समित्यांची मंडळी येतात, या राहुटीतून त्या राहुटीत चौकशी करतात, पारख करतात आणि सुपारी देतात. घेणारे आणि देणारे ठरलेल्या काळात एका जागी येतात, यातच त्या व्यवहाराची सारी शक्ती आहे. स्टीमवर २०२१ पासून ‘नेक्स्ट फेस्ट’ या नावाने वर्षातून तीनदा अशीच जत्रा भरते. येऊ घातलेल्या खेळांचे डेमो तेथे आठवडाभर फुकट खेळता येतात. पण एका खेळाला आयुष्यात एकदाच या जत्रेत राहुटी मिळते. म्हणून अर्धवट शिजलेला डेमो घेऊन घाईने जाणे हा मोठाच तोटा. फळ पिकल्यावर, म्हणजे प्रकाशनाच्या लगतच्या जत्रेत जावे, असा अनुभवी निर्मात्यांचा सल्ला असतो आणि तो पटण्यासारखा आहे. जत्रेत येताना बहुतेक यादी रिकामी असेल, तर जत्रा ती भरून देत नाही. असलेल्या यादीची भर करते, हेही त्याबरोबर सांगितले पाहिजे.

वृत्तपत्रे व नियतकालिके यांचा प्रभाव या क्षेत्रात पूर्वीइतका राहिलेला नाही. आता लोक खेळ वाचून निवडत नाहीत, दुसऱ्याला खेळताना पाहून निवडतात. यूट्यूब आणि ट्विच यांवर खेळत खेळत बोलणाऱ्या मंडळींचा मोठा वर्ग तयार झाला आहे. अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथील एरिक बरोन या तरुणाने ‘स्टारड्यू व्हॅली’ हा शेतीचा खेळ चार वर्षांहून अधिक काळ एकट्याने घडविला. पोटासाठी तो नाट्यगृहात प्रेक्षकांना जागा दाखविण्याचे काम करी. अपुरा खेळ आधी विकण्याचा मार्ग त्याने नाकारला. मात्र प्रकाशनापूर्वी खेळाच्या प्रती अशा प्रक्षेपकांच्या हाती दिल्या. २६ फेब्रुवारी २०१६ रोजी खेळ आला आणि दोन महिन्यांच्या आत दहा लाख प्रती खपल्या. २०२४ अखेर हा आकडा चार कोटींच्या पुढे गेला होता. नांगरट, पेरणी, कोंबड्यांचे खुराडे आणि गावातल्या माणसांशी चार शब्द, एवढाच विषय! शेतीप्रधान म्हणविणाऱ्या देशातील निर्मात्यांनी या यशाकडे जरा थांबून पाहायला हरकत नाही.

याउलट ‘अमंग अस’ची कथा. इनरस्लॉथ या अगदी लहान चमूचा हा खेळ २०१८ मध्ये आला तेव्हा फारसा कोणी विचारला नाही. दोन वर्षांनी, २०२० च्या उन्हाळ्यात, काही लोकप्रिय प्रक्षेपक तो मित्रांसह खेळू लागले आणि घरात अडकलेले सारे जग त्यावर तुटून पडले. काढायला घेतलेला दुसरा भाग बाजूला ठेवून चमूला जुन्याच खेळाची डागडुजी करावी लागली. हे उदाहरण देताना तारतम्य हवे. योजनापूर्वक केलेल्या प्रसिद्धीचा हा विजय नव्हे, दैवाचा आहे; आणि दैवावर अंदाजपत्रक मांडता येत नाही. तथापि एक गोष्ट चमूच्या हातची होती. दोन वर्षे गिऱ्हाईक नसतानाही त्यांनी खेळ जिवंत ठेवला, त्यात सुधारणा केल्या. पाऊस आला तेव्हा शेत नांगरलेले होते.

प्रक्षेपकांना पैसे देऊन खेळ दाखवून घेण्याची प्रथाही रुळली आहे. त्यात गैर नाही, पण लपवाछपवी गैर आहे. पैसे अगर वस्तू घेऊन केलेली शिफारस तशी असल्याचे स्पष्ट सांगितले पाहिजे, असे भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये आणि केंद्र शासनाच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये मार्गदर्शक तत्त्वांद्वारे सांगितले आहे. विकत घेतलेले अभिप्राय तर त्याहून वाईट. दुकानाला सुगावा लागला तर खेळ फळीवरून उतरतो. आणि खेळाडूंना सुगावा लागतोच.

आता तारखेचा प्रश्न. पंचांग पाहून मुहूर्त काढण्याइतकेच हे काम नाजूक आहे. ऑस्ट्रेलियातील अ‍ॅडलेड येथील ‘टीम चेरी’ने २०१४ साली लोकवर्गणीतून सत्तावन्न हजार ऑस्ट्रेलियन डॉलर जमवून ‘हॉलो नाइट’ हा खेळ केला आणि २०१७ मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्याच्या ‘सिल्कसाँग’ या पुढच्या खेळाची घोषणा २०१९ मध्ये झाली. मग सहा वर्षे लोक वाट पाहत राहिले. २१ ऑगस्ट २०२५ रोजी एकाएकी जाहीर झाले की खेळ ४ सप्टेंबरला येत आहे. त्याबरोबर कित्येक लहान निर्मात्यांनी आपल्या तारखा पुढे ढकलल्या. महिनोन्‌महिने आखलेले वेळापत्रक, छापलेली पत्रके, प्रक्षेपकांशी ठरलेल्या वेळा, सारे विस्कटले. ज्यांनी तारीख बदलली त्यांना भित्रे म्हणणे सोपे आहे. पण गावात मोठ्या फडाचा तंबू लागला असताना शेजारी आपली राहुटी ठोकण्यात पराक्रम नाही. त्या ४ सप्टेंबरला गर्दीने दुकानेच काही काळ बंद पडली होती! लहान निर्मात्याने तारीख जाहीर करताना मनात दुसरी तारीख राखून ठेवावी, एवढाच याचा अर्थ.

किमतीबाबत फार बोलण्याचे कारण नाही. भारतीय ग्राहकासाठी रुपयांतील किंमत वेगळी ठेवता येते आणि ती ठेवावी. डॉलरचा सरळ गुणाकार केला तर महाविद्यालयीन विद्यार्थी पानावरूनच परत फिरतो. खेळ विकत घेतल्यापासून चौदा दिवसांत, आणि दोन तासांहून कमी खेळलेला असल्यास, स्टीमवर पैसे परत मिळतात. यास्तव खेळाची सुरुवातीची दोन तासांची बांधणी हीदेखील प्रसिद्धीच होय. तेथे कंटाळलेला माणूस पैसे तर परत नेतोच, वर चार शब्द लिहूनही जातो.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे, आणि ती नावाची आहे. ‘ऑनलाइन गेम’ म्हटले की घरातील वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांपुढे पैसे लावून खेळायचा पत्त्यांचा डाव येतो. कर्जबाजारी झालेल्या तरुणांच्या बातम्या घरोघरी वाचल्या गेल्या आहेत, तेव्हा ही भीती निराधार नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगविषयीचा अधिनियम संमत केला. पैसे लावून खेळायचे खेळ व त्यांची जाहिरात यांस त्यात मनाई आहे, तर ई-क्रीडा आणि करमणूकप्रधान खेळ यांना उत्तेजन देण्याचे धोरण आहे. कथाप्रधान खेळ रचणाऱ्या कलावंताने आपल्या पानावर, मुलाखतीत, घरच्यांशी बोलतानाही हा भेद स्वच्छ सांगितला पाहिजे. ‘राजी’ विकत घेणारा माणूस पुस्तक विकत घेतो तसा एकदा पैसे देतो. त्यात हार-जीत राजीची असते, खिशाची नव्हे.

शासनानेही या क्षेत्राची दखल घेतली आहे. मे २०२५ मध्ये मुंबईत ‘वेव्हज’ ही जागतिक दृक्‌श्राव्य व मनोरंजन परिषद भरली. त्याच वर्षी जुलैमध्ये मुंबईत भारतीय सर्जनशील तंत्रज्ञान संस्थेच्या पहिल्या टप्प्याचे उद्‌घाटन झाले आणि सप्टेंबरमध्ये राज्य मंत्रिमंडळाने अ‍ॅनिमेशन, दृश्यपरिणाम, गेमिंग व कॉमिक्स यांसंबंधीचे ३,२६८ कोटी रुपयांचे धोरण मंजूर केले. संगणक, प्रशिक्षण, जागा यांची सोय अशा योजनांतून होऊ शकते. मात्र प्रशिक्षणाच्या अभ्यासक्रमात खेळ रचण्याबरोबर तो लोकांपुढे नेण्याचे शिक्षणही असावे लागेल. चित्र काढता येणाऱ्या मुलाला आपल्या चित्राखाली दोन ओळी लिहिता येत नाहीत, ही उणीव आज सर्रास दिसते. दुकानातील पानावरचा तो तीन-चार ओळींचा परिचय हजारो लोक वाचतात, आणि नेमका तोच आदल्या रात्री घाईने लिहिलेला असतो.

भाषेचाही विचार येथे करावयास हवा. टोरांटो येथील ‘विसाई गेम्स’ने २०२३ च्या जुलैत ‘वेन्बा’ हा खेळ आणला. कॅनडात स्थलांतरित झालेल्या तमिळ कुटुंबाची ही कथा. आई स्वयंपाक करते आणि फाटलेल्या पाककृतीच्या वहीतील पुसलेल्या ओळी खेळाडूने जुळवायच्या. इडलीचे पीठ भांड्यात कसे रचावे यावरून खेळ पुढे सरकतो. प्रसिद्धीसाठी त्याने आपले तमिळपण झाकले नाही, उलट तेच पुढे केले. २०२४ मध्ये त्यास ब्रिटनचे बाफ्टा पदार्पण पारितोषिक आणि स्वतंत्र खेळांच्या महोत्सवाचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. घरची वही जगाला आवडू शकते, तर मराठी घरातील वह्या काही कमी नाहीत.

राहता राहिला तो प्रकाशनानंतरचा काळ. पहिल्या दिवशी खेळात दोष निघतातच. कोणाच्या संगणकावर तो उघडत नाही, कोठे नायिका भिंतीत अडकते. त्या आठवड्यात चमूतील एका माणसाने अन्य काहीही न करता आलेल्या प्रत्येक तक्रारीस उत्तर द्यावे आणि दुरुस्ती झाल्याचे कळवावे. रागाने लिहिलेला अभिप्राय बदलून घेण्याचा एवढा स्वस्त मार्ग दुसरा नाही. त्यानंतर सवलतीचे हंगाम येतात, नवीन यंत्रे येतात, आणि इच्छायादीतील लोकांना पुन्हा पत्र जाते. ‘राजी’ची सुधारित आवृत्ती २०२२ मध्ये आली, ती हिंदी संवादांसह. इंग्रजीत बोलणारे दुर्गा आणि विष्णू पहिल्या प्रकाशनानंतर सुमारे दोन वर्षांनी या देशातील भाषेत बोलू लागले, आणि ज्यांनी आधी खेळ घेतला नव्हता त्यांच्याकडे जाण्यास पुण्याच्या त्या चमूला पुन्हा एकदा निमित्त मिळाले.